दिवाणखान्यातले डुक्कर : युक्लिड गावचा खटला, १९२६

पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिच्या तोंडाशी उभे राहिले की हातोडीचा ठणठणाट कानी येतो. बुरूड आळी, कासार आळी, कुंभारवाडा अशी नावे महाराष्ट्रात गावोगावी आढळतात. कोणता धंदा कोठे चालावा हे आपल्याकडे शतकानुशतके रूढीने आणि जातीने ठरविले. त्यासाठी कोणी नकाशा रंगविला नव्हता. नकाशा रंगवायचा, प्रत्येक रंगाला कायद्याचे बळ द्यायचे आणि 'या रेषेच्या अलीकडे दुकान नाही, पलीकडे कारखाना चालेल' असे जमीनमालकाला बजावायचे, ही रीत मात्र अगदी अलीकडची. ती घटनेत बसते की नाही, याचा निकाल अमेरिकेतील एका खेड्याच्या खटल्यात लागला. त्या खेड्याचे नाव युक्लिड.

होय, भूमितीवाला युक्लिडच. अठराव्या शतकाच्या अखेरीस मोझेस क्लीव्हलँड याच्या तुकडीतील मोजणीदारांनी ओहायोतील हा भूभाग मोजला आणि आपल्या विद्येच्या आद्य गुरूचे नाव त्यास दिले. पुढे सव्वाशे वर्षांनी याच गावी रेषा आखण्यावरून देशभर गाजलेला खटला उभा राहावा, हा योगायोग इतिहासालाच सुचू शकतो.

आजचा धागा त्या खटल्याविषयी आहे. लांबला आहे, सवडीने वाचावा.

प्रारंभ मात्र ओहायोत नाही. तो कॅलिफोर्नियातील धोबीखान्यांत आहे.

१८८० च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्को शहरात सुमारे ३२० धोबीखाने होते. त्यांपैकी सुमारे २४० चिनी लोकांचे. शहरातील बहुतेक घरे लाकडी, तसे हे धोबीखानेही लाकडी. १८८० मध्ये शहराच्या कारभाऱ्यांनी नियम केला की विटांच्या वा दगडी इमारतीत नसलेला धोबीखाना मंडळाच्या परवानगीवाचून चालविता येणार नाही. कारण सांगितले आगीचे. आगीचे भय खोटे नव्हते. लाकडी शहरात भट्टी पेटवून कपडे उकळणे हे धोक्याचेच काम. पण परवानग्या वाटल्या गेल्या तेव्हा नियमाचा खरा रोख दिसला. सुमारे २०० चिनी अर्जदारांना नकार मिळाला आणि बिगरचिनी अर्जदारांपैकी एक सोडून सर्वांना होकार.

बावीस वर्षे त्याच जागी धंदा करीत आलेल्या एका धोबीखान्याच्या मालकाला दहा डॉलर दंड झाला. तो त्याने भरला नाही म्हणून त्याची रवानगी तुरुंगात झाली. त्याच्या धोबीखान्याचे नाव यिक वो, आणि खटलाही त्याच नावाने प्रसिद्ध झाला. १८८६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की कायद्याची अक्षरे निःपक्ष असली तरी तो राबविणारा हात पक्षपाती असेल तर तो कायदा टिकणार नाही. चौदाव्या घटनादुरुस्तीचे समान संरक्षण नागरिक नसलेल्या चिनी माणसालाही लागू होते, हे या निकालाने ठरले. हा निकाल अमेरिकन कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो.

त्याच वर्षाचा दुसरा निकाल मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो. कॅलिफोर्नियातच मोडेस्टो नावाच्या गावाने धोबीखाने लोहमार्गापलीकडच्या एका ठरावीक भागातच असावेत, असा नियम केला होता. चिनी वस्ती त्याच भागात होती. हा नियम राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविला. परवानगी देण्या-न देण्याचा लहरी अधिकार तेथे कोणाकडे नव्हता, नकाशावर केवळ एक रेषा होती, आणि ती सर्वांना सारखीच लागू होती. अमेरिकेतील झोनिंगचा उगम शोधणारे अभ्यासक अनेकदा या रेषेपाशी येऊन थांबतात. गावकुसाबाहेर या शब्दाचा अर्थ ज्यांना सांगावा लागत नाही, अशा मराठी वाचकांना या रेषेचा अर्थही सांगावा लागू नये.

येथे एक संकल्पना समजून घेतली पाहिजे, कारण पुढचा सारा वाद तिच्याभोवती फिरतो. अमेरिकन कायद्यात तिला 'पोलीस अधिकार' म्हणतात. खाकी गणवेशाशी तिचा संबंध नाही. लोकांचे आरोग्य, सुरक्षितता, नीती आणि सर्वसाधारण कल्याण यांसाठी नियम करण्याची राज्याची जी मूळ सत्ता, ती पोलीस अधिकार. तिच्या समोर उभी राहते चौदावी घटनादुरुस्ती. १८६८ ची ही दुरुस्ती म्हणते की कोणाही व्यक्तीची मालमत्ता उचित कायदेशीर प्रक्रियेवाचून हिरावून घेता येणार नाही. शासनाने जमीन संपादित केली तर भरपाई द्यावी लागते. पण जमीन मालकाकडेच ठेवून तिच्यावर काय करायचे नाही, एवढेच सांगितले तर? भाव कोसळला, तरी भरपाई शून्य. मग हे नियमन म्हणायचे की गुपचूप केलेले हरण?

लॉस एंजेलिसमधील एका वीटभट्टीवाल्याने हाच प्रश्न विचारला. हॅडाचेक याने शहराबाहेर आठ एकर जमीन घेतली होती. मातीचा थर विटांना उत्तम, आसपास वस्ती नाही. शहर वाढत वाढत त्याच्या भट्टीपाशी आले, त्याने भट्टीला आपल्या हद्दीत घेतले आणि मग त्या भागात भट्टी चालविणे हा गुन्हा ठरविला. हॅडाचेकचे म्हणणे असे की विटांसाठी जमिनीची किंमत आठ लाख डॉलर आहे आणि अन्य कोणत्याही वापरासाठी फार तर साठ हजार. १९१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. शहरांना वाढावेच लागते, आणि त्या वाढीच्या आड एका माणसाचा धंदा येऊ शकत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. आधी कोण आले, याला किंमत उरली नाही.

त्यापूर्वी १९०९ मध्ये बॉस्टनच्या उंचीमर्यादेचा निकाल लागला होता. व्यापारी भागात १२५ फुटांपर्यंत इमारत बांधता येई. निवासी भागात मर्यादा ८० ते १०० फूट. वेल्च नावाच्या मालकाला निवासी भागात १२० फुटांहून उंच इमारत हवी होती. त्याचा युक्तिवाद बिनतोड वाटावा असा होता : आगीचा बंब रस्ता ओळखत नाही, मग एका रस्त्यावर १२५ फूट सुरक्षित आणि दुसऱ्यावर धोक्याचे, हे कसे? न्यायालयाने तरीही मर्यादा उचलून धरली. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पेकहॅम म्हणजे चारच वर्षांपूर्वी लॉकनर खटल्यात बेकरी कामगारांच्या कामाच्या तासांवरील मर्यादा घटनाबाह्य ठरविणारे गृहस्थ. कामगाराचे तास मोजण्यास ज्यांचा विरोध, त्यांना इमारतीचे फूट मोजण्यास हरकत नव्हती. इतिहासात अशा जागी थांबून किंचित हसायला मुभा असावी.

आता न्यूयॉर्क. १९१५ मध्ये ब्रॉडवेवर इक्विटेबल बिल्डिंग पुरी झाली. उंची ५३८ फूट. भूखंड एका एकराहून लहान, आणि त्यावर सुमारे बारा लाख चौरस फूट कचेऱ्या. रस्त्याच्या कडेपासून सरळ आकाशात चढलेल्या या दगडी भिंतीची सावली सात एकरांवर पडते, असे तेव्हा सांगितले जाई. शेजारच्या इमारतींच्या खिडक्यांत भरदुपारी दिवे लावण्याची पाळी आली, त्यांचे भाडे घसरले आणि ज्यांनी आजवर कोणतेही बंधन नको म्हटले होते तेच जमीनमालक बंधन मागू लागले.

दुसरीकडे फिफ्थ ॲव्हेन्यूवरील उंची दुकानांचे मालक वेगळ्याच काळजीत होते. शिवणकामाचे कारखाने मजल्यामजल्यांच्या इमारतींतून उत्तरेकडे सरकत त्यांच्या शेजारी आले होते. दुपारच्या सुटीत हजारो कामगार, त्यांत बहुसंख्य पूर्व युरोपातून आलेले ज्यू निर्वासित, पदपथावर येत, उभे राहून गप्पा मारीत. श्रीमंत गिऱ्हाईक त्या गर्दीतून वाट काढायला कुरकुरे. व्यापाऱ्यांनी मोहीम उघडली, वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या, आणि कारखाने आपल्या भागातून हटवावेत म्हणून दबाव आणला. सावली आणि गर्दी, या दोन तक्रारींतून जुलै १९१६ मध्ये न्यूयॉर्कची झोनिंग नियमावली जन्मली. संपूर्ण शहराला लागू होणारी अशी ती देशातील पहिलीच. वर जाताना पायऱ्यापायऱ्यांनी मागे सरणाऱ्या ज्या गगनचुंबी इमारती आपण जुन्या चित्रपटांत पाहतो, त्यांचा आकार वास्तुविशारदाच्या स्वप्नातून आलेला नाही, या नियमावलीतून आलेला आहे.

सहज एक आठवण. हा सारा वाद चालू असताना, १९१३ ते १९१६ या काळात, कोलंबिया विद्यापीठात एक मराठी विद्यार्थी शिकत होता. भीमराव रामजी आंबेडकर. इक्विटेबल बिल्डिंग त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली असे म्हणायला हरकत नाही. ते न्यूयॉर्क सोडून लंडनला गेले आणि काही आठवड्यांतच ही नियमावली संमत झाली.

कोणी कोठे राहावे हे रेषेने ठरविण्याचा उघडउघड प्रयत्न तोवर दक्षिणेकडील शहरांत होऊ लागला होता. केंटकी राज्यातील लुइव्हिल शहराने १९१४ मध्ये नियम केला : ज्या गल्लीत गोऱ्यांची बहुसंख्या तेथे कृष्णवर्णीयाने राहायला जाऊ नये, आणि उलटही. विल्यम वॉर्ली हे कृष्णवर्णीय कार्यकर्ते. त्यांनी बुकॅनन या गोऱ्या मालकाकडून भूखंड घेण्याचा करार केला, मग कायद्यामुळे मला तेथे राहता येत नाही, सबब पैसे देत नाही, असे कळविले. बुकॅननने दावा लावला. दोघांचाही हेतू नियम पाडण्याचा. १९१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने पाडला, पण समतेच्या मुद्द्यावर भर न देता मालमत्तेच्या हक्कावर. आपली जागा हव्या त्या माणसाला विकण्याचा गोऱ्या मालकाचा हक्क मोडतो, म्हणून नियम रद्द. हक्क मिळाला, पण तो असा दुसऱ्याच्या खिशातून. हे लक्षात ठेवावे. पुढे लागणार आहे.

आता युक्लिडला जाऊ.

१९२२ मधले युक्लिड म्हणजे क्लीव्हलँड शहराच्या पूर्वेला लागून असलेले खेडे. लोकसंख्या पाच ते दहा हजारांच्या दरम्यान, क्षेत्र बारा ते चौदा चौरस मैल, बरीचशी शेती आणि मोकळी जमीन. दोन लोहमार्ग गावातून जात. क्लीव्हलँड तेव्हा पोलाद, मोटारी आणि यंत्रे यांचे शहर, आणि त्याचे कारखाने लोहमार्गांच्या कडेने पूर्वेकडे सरकत होते. अँब्लर रिअल्टी या कंपनीने हे ताडून युक्लिडमध्ये ६८ एकर जमीन धरून ठेवली होती. दक्षिणेला युक्लिड ॲव्हेन्यू हा हमरस्ता, उत्तरेला निकेल प्लेट लोहमार्ग. कारखान्यासाठी याहून चांगली जागा मिळणे कठीण.

१३ नोव्हेंबर १९२२ रोजी ग्रामपरिषदेने झोनिंगचा नियम केला. वापराचे सहा वर्ग, उंचीचे तीन, क्षेत्राचे चार. पहिल्या वर्गात एककुटुंबी घरे. दुसऱ्यात दोन कुटुंबांची. तिसऱ्यात अपार्टमेंट, हॉटेले, शाळा, चर्च. चौथ्यात दुकाने, बँका, कचेऱ्या, नाट्यगृहे. पाचव्यात गोदामे, तबेले, जाहिरातफलक. सहाव्यात कारखाने, मैला आणि कचऱ्याची केंद्रे, भंगार, तुरुंग, आणि त्यांच्याच जोडीला दफनभूमी व स्मशान. मृतांचे शेजारी कोण असावेत याचा विचार परिषदेने फार केलेला दिसत नाही.

या रचनेतील खोच अशी की खालच्या क्रमांकाचा वापर वरच्या विभागात चाले, पण उलट चालत नसे. कारखान्याच्या विभागात कोणी बंगला बांधला तर बांधो. बंगल्यांच्या विभागात मात्र वाण्याचे दुकानसुद्धा नाही. म्हणजे हे नुसते वर्गीकरण नव्हते, ती उतरंड होती, आणि तिच्या माथ्यावर स्वतंत्र अंगणाचे एककुटुंबी घर बसविलेले होते.

अँब्लरच्या जमिनीचे तीन तुकडे झाले. हमरस्त्यापासून ६२० फुटांपर्यंत दोन कुटुंबांची घरे, त्यापुढे १३० फुटांची पट्टी अपार्टमेंटसाठी, आणि उरलेली मागची जमीन कारखान्यांसाठी. कंपनीने हिशेब मांडला : उद्योगासाठी एकरी दहा हजार डॉलर येतील, निवासासाठी अडीच हजारही येणे कठीण. हमरस्त्यालगतचा भाग व्यापारासाठी फुटाला १५० डॉलर, घरांसाठी ५०. कंपनीने बांधकामाची परवानगी मागितलीच नाही. 'हा नियम नुसता अस्तित्वात आहे, एवढ्यानेच आमचे नुकसान झाले' असे म्हणत ती थेट संघराज्याच्या न्यायालयात गेली. डावपेच म्हणून हे धाडसाचे होते. याचे परिणाम पुढे दिसतील.

कंपनीचा वकील कोण, तर न्यूटन बेकर. क्लीव्हलँडचा माजी महापौर, पहिल्या महायुद्धात अध्यक्ष विल्सन यांचा युद्धमंत्री, सुधारकांच्या गोटातला नामांकित माणूस. गावाच्या बाजूने जेम्स मेट्झेनबॉम. बेकरच्या कीर्तीपुढे त्याचे नाव कोणी घेत नव्हते. त्याच्यापाशी होती ती चिकाटी.

पहिल्या फेरीत कंपनी जिंकली. जानेवारी १९२४ मध्ये जिल्हा न्यायाधीश वेस्टनहेव्हर यांनी नियम घटनाबाह्य ठरविला. हे गृहस्थ बेकरचे जुने व्यावसायिक सहकारी होते, हेही नोंदवून ठेवू. पण त्यांच्या निकालपत्रातील एक निरीक्षण असे आहे की ते आजही टोचते. नियमाच्या तळाशी जाऊन पाहिले तर त्याचा परिणाम एकच, असे त्यांनी लिहिले : लोकसंख्येची प्रतवारी करणे आणि मिळकत व जीवनातील स्थान यांनुसार माणसे वेगवेगळी ठेवणे. लुइव्हिलचा वर्णावर आधारलेला नियम टिकला नाही, मग हा कसा टिकेल, असा त्यांचा सवाल होता.

येथे न्यायाधीशांना डोक्यावर घेण्याचा मोह होईल. घेऊ नये. त्याच निकालपत्रात त्यांनी असेही म्हटले आहे की कृष्णवर्णीय वा काही परदेशी लोक वस्तीत शिरले की जागेचे भाव पडतात, हे सर्वज्ञात आहे. म्हणजे लुइव्हिलच्या नियमाला तरी काही सबब होती, युक्लिडच्या नियमाला तीही नाही, असा त्यांच्या तर्काचा प्रवास. प्रतवारी त्यांना अचूक दिसली. ती दिसण्याची वाट मात्र स्वच्छ नव्हती. जुनी निकालपत्रे मुळातून वाचावीत ती यासाठी. उतारे वाचून माणसे ओळखीची होत नाहीत.

गाव सर्वोच्च न्यायालयात गेले. २७ जानेवारी १९२६ रोजी सुनावणी झाली. बेकर प्रभावी बोलला. परतीच्या प्रवासात मेट्झेनबॉमला स्वस्थता नव्हती. बेकरच्या काही विधानांना उत्तर द्यायचे राहून गेले, असे त्याच्या मनाने घेतले. बाहेर बर्फाचे वादळ. तशात त्याने वाटेतूनच सरन्यायाधीश टाफ्ट यांना तार पाठविली आणि आणखी लेखी उत्तर सादर करण्याची परवानगी मागितली. ती मिळाली.

याच वेळी तिसरा माणूस रंगमंचावर येतो. आल्फ्रेड बेटमन, सिनसिनाटीचा वकील आणि नगरनियोजनाचा पुरस्कर्ता. खटल्यात पक्षकार नसलेल्या नियोजन-संस्थांच्या वतीने त्याला न्यायालयापुढे निवेदन ठेवायचे होते, पण मुदत टळून गेली होती. टाफ्टही सिनसिनाटीचेच आणि दोघांची ओळख होती. त्याचे निवेदन दाखल करून घेण्यात आले. आणि न्यायालयाने एक विरळा निर्णय घेतला : खटल्याची पुन्हा सुनावणी होईल. न्यायमूर्ती सदरलँड प्रथम नियमाविरुद्ध निकाल लिहीत होते आणि सहकाऱ्यांशी झालेल्या चर्चेनंतर डळमळले, अशी आठवण त्या काळच्या एका न्यायमूर्तींच्या लिपिकाने सांगून ठेवली आहे.

बेटमनचा मुद्दा साधा होता आणि म्हणूनच भेदक. इंग्लिश परंपरेतील कायद्यात 'उपद्रव' ही जुनी कल्पना आहे. शेजाऱ्याच्या कातड्याच्या दुर्गंधीने जगणे अशक्य झाले तर न्यायालयात दाद मागता येते. पण तो उपाय उपद्रव झाल्यानंतरचा, आणि प्रत्येक प्रकरण वेगळे लढवावे लागते. झोनिंग म्हणजे तीच गोष्ट आधी, एकदाच आणि संपूर्ण गावासाठी करणे. नव्या सत्तेची मागणी येथे कोठे आहे? जुनीच सत्ता दूरदृष्टीने वापरली जात आहे, इतकेच.

१२ ऑक्टोबरला पुन्हा युक्तिवाद झाले आणि २२ नोव्हेंबर १९२६ रोजी निकाल आला. सहा विरुद्ध तीन, गाव जिंकले. निकाल लिहिला सदरलँड यांनी. विरोधात व्हॅन डेव्हँटर, मॅकरेनॉल्ड्स आणि बटलर. तिघांनीही कारणे लिहिली नाहीत. या खटल्याची खरी नवलाई येथे आहे. पुढे १९३० च्या दशकात रूझवेल्टच्या आर्थिक सुधारणांना आडवे जाणारे म्हणून जे चार न्यायमूर्ती कुप्रसिद्ध झाले, ते हेच तिघे आणि चौथे सदरलँड. मालमत्तेच्या हक्काचे हे चार कडवे राखणदार. त्यांतल्या एकानेच मालमत्तेवरील आजवरच्या सर्वांत व्यापक नियमनाला घटनेचे दार उघडून दिले, आणि त्याविरुद्ध लढत होता सुधारकांचा लाडका बेकर.

सदरलँड यांचा तर्क असा की घटनेतील तत्त्वे बदलत नाहीत, पण ती लागू करण्याची परिस्थिती बदलते. घोडागाड्यांच्या काळात वाहतुकीचे नियम जुलमी वाटले असते. मोटारींच्या काळात ते आवश्यक ठरतात. झोनिंगचेही तसेच. मग त्यांनी ती प्रसिद्ध उपमा दिली : योग्य वस्तू अयोग्य जागी असणे म्हणजे उपद्रव, जसे गोठ्याच्या आवारात असायचे डुक्कर दिवाणखान्यात यावे. नियमाचे शहाणपण वादग्रस्त असेल, तर कायदे करणाऱ्यांचे मत चालू द्यावे, ही कसोटीही याच निकालाने घट्ट केली. नियम उघड मनमानी आहे आणि आरोग्य, सुरक्षितता, नीती वा कल्याण यांच्याशी त्याचा काही संबंध नाही, हे सिद्ध करण्याचे ओझे आता आव्हान देणाऱ्यावर पडले. व्यापारी इमारतींवरील मर्यादांना पुढे दिल्या गेलेल्या असंख्य आव्हानांचे पाय याच वाक्याशी अडखळले.

कारखाने घरांपासून दूर ठेवणे सदरलँड यांना सोपे वाटले. दुकाने दूर ठेवण्यासाठी त्यांनी गर्दी, आवाज, आगीचा धोका, मुलांची सुरक्षितता अशी कारणे जोडली. पण सर्वांत कठोर शब्द त्यांनी राखून ठेवले ते भाड्याच्या बिऱ्हाडांच्या इमारतींसाठी. बंगल्यांच्या मोकळ्या हवेवर आणि प्रकाशावर जगणारे ते बांडगूळ आहे, असे त्यांनी म्हटले. डुक्कर आणि बांडगूळ, या दोन उपमा शेजारी ठेवून पाहाव्यात. धुराच्या चिमणीला दूर ठेवण्याचे समर्थन कोणीही करील. पण भाडेकरूच्या घराला बांडगूळ म्हटले, की वेस्टनहेव्हर यांनी सांगितलेली प्रतवारी निकालाच्या आतून बोलू लागते. वर्णाचे नाव घेऊन रेषा आखणे १९१७ मध्ये बंद झाले होते. भूखंड किती मोठा असावा, त्यावर किती चुली पेटाव्यात, हे ठरविणारी रेषा १९२६ मध्ये वैध झाली, आणि अमेरिकेच्या उपनगरांनी पुढे तिचा वापर कोणाला बाहेर ठेवण्यासाठी केला, हा त्या देशाच्या विसाव्या शतकातला मोठा अध्याय आहे.

तरी निकाल वाटतो तितका सरसकट नव्हता. कंपनीने परवानगी न मागता नियमाच्या अस्तित्वालाच आव्हान दिले होते, म्हणून न्यायालयानेही फक्त तेवढ्याचेच उत्तर दिले. एखाद्या विशिष्ट जमिनीला नियम लावताना अन्याय झाला तर पाहू, असे दार त्यांनी किलकिले ठेवले. दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये, त्या दारातून नेक्टो नावाचा मालक आत आला. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज शहरात त्याच्या जमिनीतील शंभर फुटांची पट्टी निवासी ठरली होती, आणि शेजारी मोटारींचा व साबणाचा कारखाना. ६३ हजार डॉलरचा सौदा त्यामुळे फिसकटला होता. तेथे घरे बांधून काही निष्पन्न होणार नाही, असे चौकशीत आढळले. न्यायालयाने त्या जमिनीपुरता नियम रद्द केला. निकाल लिहिणारे पुन्हा सदरलँडच. त्यानंतर १९७४ पर्यंत सर्वोच्च न्यायालयाने झोनिंगच्या प्रश्नात जवळजवळ लक्ष घातले नाही. शहरे रंग भरीत राहिली.

आपल्याकडे मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा १९१५ चा, म्हणजे न्यूयॉर्कच्या नियमावलीपेक्षा एक वर्षाने जुना. पण त्याचा भर नव्या वस्त्यांतील भूखंडांची फेरआखणी करून रस्ते काढण्यावर होता. संपूर्ण शहराची विकास योजना आणि तिच्यातील वापराचे विभाग १९५४ च्या कायद्याने आले, आणि १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने पक्के झाले. येथे मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने गेला, म्हणून बेकरचा युक्तिवाद आपल्या न्यायालयात जसाच्या तसा उभा राहू शकत नाही.

आणि मुंबईत या विषयावर झालेली सर्वांत मोठी लढाई उलट्या दिशेची होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे केले : एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकाला विकासासाठी. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. शेड पाडून जी मोकळी होईल ती हिशेबातून वगळली. युक्लिडमध्ये मर्यादा फार कडक आहे म्हणून मालक न्यायालयात गेला होता. मुंबईत ती फार सैल केली म्हणून नागरिकांची पर्यावरण संस्था गेली. २००५ मध्ये उच्च न्यायालयात ती जिंकली आणि ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयात हरली. लोअर परळच्या पुलावरून दिसणारे काचेचे मनोरे त्या निकालानंतरचे शहर दाखवितात.

राहता राहिली अँब्लरची ६८ एकर जमीन. निकालानंतर बरीच वर्षे ती तशीच पडून होती. मंदी आली, घरे कोणी बांधली नाहीत. मग दुसरे महायुद्ध सुरू झाले, विमानांसाठी कारखाने हवे झाले आणि त्या जमिनीवर कारखाना उभा राहिला. युद्धानंतर तेथेच जनरल मोटर्सच्या गाड्यांचे सांगाडे तयार होऊ लागले. ज्या जागी कारखाना येऊ नये म्हणून गाव चार वर्षे लढले होते, त्या जागेचा वर्ग गावाने स्वतःच बदलून दिला होता.